स्पेसबार सोडा, टॅब दाबा!

खरं सांगा, लग्नाच्या बायोडेटात ‘नाव’, ‘शिक्षण’, ‘उंची’ यांच्यापुढचे कोलन एका रेषेत आणायला तुम्ही काय करता? स्पेसबारवर अंगठा ठेवता आणि टक टक टक... एक स्पेस जास्त झाली की बॅकस्पेस, कमी पडली की परत टक. चार ओळी जमल्या की पाचवी दगा देते. मग ‘जाऊ दे ना यार’ म्हणून तसाच प्रिंट!

मीही त्यातलाच. हिंजवडीत नोकरी, दिवसाचे कितीतरी तास वर्डमध्ये. पण टॅबचं बटण माझ्या लेखी फक्त ऑल्टसोबत दाबून खिडक्या बदलण्यापुरतं. बॉस आला की एक्सेल समोर, एवढाच त्याचा उपयोग. त्याचा खरा फंडा मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये कळला नाही. तो कळला आजोळी, आखाडा बाळापूरला. आणि त्यासाठी एका बाईला भर बैठकीतून उठून जावं लागलं.

चौदा नावांची यादी

आखाडा बाळापूर म्हणजे नांदेड-हिंगोली रस्त्यावरचं, कळमनुरी तालुक्यातलं गाव. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला, तरी आमच्या मामांच्या तोंडून अजून अधूनमधून ‘परभणी जिल्हा’ निघतोच. दिवाळीला मी तिकडे गेलो होतो. मामींचा महिला बचत गट आहे, चौदा जणींचा. फराळाचं ताट पुढे ठेवता ठेवता मामींनी वहीही पुढे केली.

‘‘तू कॉम्प्युटरवाला ना? एवढी यादी छापून दे. उद्या बैठक आहे.’’

तीनच रकाने होते : नाव, जमा, बाकी. म्हटलं, पाच मिनिटांचं काम! लॅपटॉप उघडला. नाव, मग स्पेस स्पेस स्पेस, जमा रक्कम, पुन्हा स्पेस, बाकी. ज्यांची काहीच बाकी नव्हती, तिथे जागा मोकळी सोडली. स्क्रीनवर यादी एकदम झकास दिसत होती. फाईल गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात मेल केली आणि मी मित्रांबरोबर भटकायला गेलो. प्रिंट थेट बैठकीत पोचला, कुणी तपासलाच नाही.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर माझा फाँट नव्हता. वर्डने त्याच्या जागी दुसरा घेतला, आणि त्याची अक्षरं रुंद होती. छोट्या नावांच्या ओळी थोड्या सरकल्या, लांब नावांच्या जास्त. गटातल्या एका काकूंचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव मिळून सगळ्यात लांब ओळ व्हायची. त्यांनी भरलेले ४,५०० रुपये सरकत सरकत थेट ‘बाकी’च्या खाली जाऊन बसले. ‘जमा’खाली काहीच नाही!

यादी मोठ्याने वाचली गेली. ज्या बाईने एकही हप्ता चुकवला नव्हता, तिच्या नावावर साडेचार हजार बाकी. काकू काही बोलल्या नाहीत. पदर खोचला आणि उठून गेल्या.

संध्याकाळी मामी वही घेऊन त्यांच्या घरी गेल्या. मीही मागोमाग, मान खाली घालून. वहीत सगळं बरोबर होतं, म्हणून निभावलं. चहा देताना काकू एवढंच म्हणाल्या, ‘‘वहीतलं खोडता येतं बाबा. छापलेलं लोकांना खरंच वाटतं.’’

तो चहा काही माझ्या घशाखाली उतरेना.

मामांचा क्लास

मामांनी नोकरीची सगळी वर्षं मराठी टाईपरायटर बडवला. घरी आल्यावर त्यांनी यादी हातात घेतली, चष्मा वर केला आणि विचारलं, ‘‘कामून रे, टॅब नाही लावला व्हय?’’

‘‘मामा, तुमच्या मशीनवर टॅब होता?’’

मामा हसले. ‘‘लेका, तो आमच्याच मशीनवरून तुमच्याकडे आला!’’

आणि ते खरं आहे. टॅब म्हणजे टॅब्युलेटर, तक्ता बनवायची सोय. टाईपरायटरच्या मागे एक पट्टी असायची आणि तिच्यावर हव्या त्या ठिकाणी अडसर लावता यायचे. टॅबची कळ दाबली की कॅरेज खर्रकन पळायचं आणि पुढच्या अडसरापाशी थांबायचं. तो अडसर म्हणजेच ‘टॅब स्टॉप’. आपण वर्डमध्ये नुसता टॅब दाबतो आणि स्टॉप कुठे हवा ते ठरवतच नाही, म्हणून सगळा घोळ!

मामांच्या पद्धतीत मोजणी आधी आणि टायपिंग नंतर. प्रत्येक रकान्यातली सगळ्यात लांब नोंद शोधायची. त्यांची अक्षरं मोजायची, मधली अंतरं मिळवायची, ती बेरीज पानाच्या रुंदीतून वजा करायची आणि उरलेली जागा दोन्ही बाजूंना वाटायची. मगच अडसर लावायचे. टायपिंगच्या परीक्षेत ‘स्टेटमेंट’ नावाचा जो प्रश्न असायचा, तो हाच. गोदरेजने भारतीय बनावटीचा पहिला टाईपरायटर १९५५ मध्ये आणला आणि २००९ मध्ये उत्पादन थांबवलं. परीक्षाही आता कॉम्प्युटरवर होते. पण पत्र आणि स्टेटमेंट त्यात अजून आहेतच.

‘‘पण मामा, मशीनवर स्पेस मोजूनही जमायचं ना?’’

‘‘जमायचं. कारण मशीनवर सगळी अक्षरं सारख्याच जागेत बसायची.’’

इथे माझी ट्यूब पेटली. टाईपरायटरवर एक कळ म्हणजे कॅरेजचं एक पाऊल. काही मात्रांच्या कळा तर कॅरेज हलवतही नसत. त्यामुळे वीस स्पेस म्हणजे कायम तेवढंच अंतर. कॉम्प्युटरच्या फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी. ‘र’ सडपातळ, ‘क्ष’ ऐसपैस. फाँट बदलला की सगळ्यांचीच मापं बदलतात. स्पेसने आपण अंतर भरतो आणि ते अंतर आपल्याच स्क्रीनपुरतं खरं असतं. टॅब स्टॉप जागा ठरवतो : ‘डावीकडून दहा सेंटिमीटरवर.’ फाँट कुठलाही येवो, दहा सेंटिमीटर दहाच राहतात.

मग करायचं काय?

एकदम सोप्पं आहे. वर्डमध्ये ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘रूलर’वर टिक करा. वर पट्टी दिसेल. तिच्या डाव्या टोकाला इंग्रजी ‘एल’सारखी छोटी खूण आहे. तिच्यावर क्लिक करत गेलात की टॅबचे प्रकार बदलत जातात. हवा तो प्रकार आला की पट्टीवर हव्या त्या जागी क्लिक करा. झाला टॅब स्टॉप! जागा चुकली तर खूण धरून सरकवा. नको असेल तर पट्टीवरून खाली ओढून सोडून द्या. काहीच लावलं नाही, तर वर्ड स्वतःच साधारण दर अर्ध्या इंचावर थांबे धरतो.

प्रकार कामाचे आहेत :

डावा टॅब : मजकूर थांब्यापासून उजवीकडे सुरू होतो. बायोडेटातल्या कोलनसाठी हाच.

उजवा टॅब : मजकूर थांब्यापाशी संपतो. रकमेसाठी बेस्ट, कारण ५००, ४,५०० आणि १२,००० यांची एकं एकाखाली येतात. रेझ्युमेत डावीकडे कंपनी आणि त्याच ओळीत उजव्या टोकाला वर्षं हवीत? उजव्या समासावर एक उजवा टॅब लावा. काम फत्ते.

मधला टॅब : मजकूर थांब्याच्या दोन्ही बाजूंना सारखा पसरतो. पत्राखाली सही, नाव आणि हुद्दा एकाखाली एक मांडायला मस्त.

दशांश टॅब : रुपये-पैसे असतील तर बिंदूखाली बिंदू येतो. एक सावधगिरी मात्र घ्या. युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फाँटमध्ये स्क्रीनवर दिसणारा बिंदू आतून भलतंच चिन्ह असू शकतो. मग हा टॅब गडबडतो.

अनुक्रमणिकेत नावापासून पान क्रमांकापर्यंत टिंबांची रांग हवी असते ना? ती हाताने मारू नका. पट्टीवरच्या टॅबच्या खुणेवर डबल क्लिक करा आणि ‘लीडर’मध्ये टिंबं निवडा.

सगळ्यांची होणारी चूकही सांगतो. टॅब स्टॉप परिच्छेदाला लागतो, पानाला नाही. यादी आधीच टाईप झाली असेल तर सगळ्या ओळी सिलेक्ट करा आणि मगच पट्टीवर क्लिक करा. नाहीतर एकच ओळ सुधारते आणि तुम्ही वैतागता.

अलाइनमेंटची भानगड

शीर्षक मध्यभागी आणायला स्पेस मारणारे महाभाग अजून आहेत. मीही होतो! कंट्रोल आणि ई दाबा, शीर्षक मधोमध. कंट्रोल आणि आर म्हणजे उजवीकडे, एल म्हणजे डावीकडे, जे म्हणजे दोन्ही कडा सरळ.

या ‘जे’च्या फार प्रेमात पडू नका. मराठीत ‘कार्यालयातल्यांसाठीसुद्धा’ असले लांबलचक शब्द येतात. असा शब्द ओळीच्या शेवटी मावला नाही की अख्खाच खाली जातो. मग उरलेले दोन-तीन शब्द कडा गाठायला ताणले जातात आणि मध्ये भगदाडं पडतात. अरुंद रकान्यात सरळ डावी अलाइनमेंट ठेवा. आणि ‘जे’ लावलेल्या मजकुरात ओळ तोडायला शिफ्ट-एंटर मारलंत, तर ती तोडलेली ओळही ताणली जाते. तुमचं टायपिंग चुकलेलं नसतं, तिथे साधं एंटर हवं असतं.

आपली फाईल आतून कशी आहे ते बघायचंय? कंट्रोल, शिफ्ट आणि ८ दाबा. स्पेसच्या जागी ठिपके दिसतील आणि टॅबच्या जागी बाण. माझी यादी उघडून मी हे केलं, तर पानभर नुसते ठिपकेच ठिपके. जणू गोवर आलेली!

पुन्हा तीच यादी

मामांच्या देखरेखीखाली रात्री यादी पुन्हा बसवली. सगळ्यात लांब नाव होतं काकूंचंच. त्याच्या पुढे बऱ्यापैकी जागा सोडून ‘जमा’चा उजवा टॅब लावला, मग ‘बाकी’चा. ही जागा सोडणं महत्त्वाचं आहे, कारण नाव थांब्याच्या पुढे गेलं तर टॅब सरळ पुढच्या थांब्यावर उडी मारतो आणि पुन्हा तोच घोटाळा! नावं फारच लांब असतील, एका ओळीत मावणार नसतील, तर टॅबचा हट्ट सोडा आणि टेबल घाला. टेबलात मजकूर दोन ओळींचा झाला तरी आपल्या चौकटीतच राहतो. छापायला देताना पीडीएफ द्या, म्हणजे फाँट बदलायचा प्रश्नच नाही.

मामांनी एक अट घातली. ‘‘मोकळी जागा सोडायची नाही. बाकी नसंल तर निरंक लिही.’’ जुन्या ऑफिसांतला हा शब्द मला तोवर हास्यास्पद वाटायचा. पण ‘बाकी’खाली ‘निरंक’ छापलेलं असतं, तर ते साडेचार हजार कितीही सरकले असते तरी कुणाची गफलत झाली नसती.

मग मामा म्हणाले, ‘‘आता फाँट बदलून दाखव.’’ सगळं सिलेक्ट करून तीन वेगवेगळे फाँट लावले. अक्षरं जाड झाली, बारीक झाली, पण रकमा जागच्या हलल्या नाहीत. मामांनी मान डोलावली. माझ्या कुठल्याही अप्रेझलपेक्षा ती मान मोठी होती.

दुसऱ्या दिवशी मामींनी सगळ्या जणींना परत बोलावलं. आदल्या दिवशीची चूक भाच्याची होती, हे सगळ्यांसमोर सांगितलं. मीही हात जोडले. मग नवी यादी वाचायला त्या काकूंच्याच हातात दिली. काकूंनी आपल्या नावावर बोट ठेवलं आणि रेषेत सरकवत नेलं. जमा, ४,५००. बाकी, निरंक. त्या एक क्षण थांबल्या, आणि मग पुढचं नाव वाचायला लागल्या.