पापलेट किती मोठं झाल्यावर पकडावं?

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे कर्मचारी ससून डॉकसारख्या बंदरांवर उतरलेल्या मासळीतून नमुने निवडतात. लांबी मोजतात, वजन करतात, पोट उघडून गाबोळी किती तयार आहे ते पाहतात. देशाच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं चाललेलं हे काम मला फार मोलाचं वाटतं. नमुन्यांतल्या निम्म्या माद्या ज्या लांबीला अंडी घालण्याजोग्या झालेल्या दिसतात, ती त्या जातीची वयात येण्याची लांबी. मासा एकदा तरी व्यायला हवा, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे.

2023 मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी राज्याने 54 जातींसाठी किमान लांबी ठरवली. पापलेटसाठी ती 135 मिलिमीटर आहे.

पण जाळं मोजपट्टी घेऊन पाण्यात उतरत नाही. ट्रॉलरच्या जाळ्याची मागची पिशवी ओढली गेली की शंकरपाळ्याच्या आकाराचे आस, म्हणजे जाळ्याचे डोळे, ताणून मिटतात आणि पिल्लं आत अडकतात. चौकोनी आस मात्र उघडे राहतात. म्हणून तिथे 40 मिलिमीटरचा चौकोनी आस सांगितला आहे.

डोल जाळ्याचा प्रश्न अवघड आहे. ते प्रवाहात रोवून ठेवलेलं असतं, भरतीओहोटीबरोबर येईल ते सगळं त्यात शिरतं. आस मोठा केला तर जवळा निसटतो, आणि लहान कोळ्याचं घर जवळ्यावरही चालतं. त्याच्याशी बसून बोलल्याशिवाय इथे नियम लादणं मला अन्यायाचं वाटतं.