मुलांच्या श्वासाचे माप कोणत्या पट्टीने?

दमा, हटत नसलेला खोकला किंवा खेळताना लागणारी धाप यासाठी मुलांना बेळगावला किंवा कोल्हापूरला नेऊन स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकण्याची तपासणी, करून आणणारी कुटुंबे आपल्यात बरीच आहेत. रिपोर्टवर ‘प्रेडिक्टेडच्या ७८ टक्के’ असे काही छापून येते आणि घर काळजीत पडते. आम्ही डॉक्टर नाही. पण बँकेत आयुष्य गेल्यामुळे टक्केवारी दिसली की ती कशाची, हे विचारायची सवय लागली आहे.

छाती भरून श्वास घेऊन मुलाने एकूण किती हवा बाहेर टाकली आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती, हे यंत्र मोजते. मग त्याच वयाच्या, उंचीच्या निरोगी मुलाशी तुलना करते. उंचीचा संबंध जुना आहे. लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली दोन हजारांहून अधिक लोकांची मापे घेऊन तो दाखवला. किशोरवयात मात्र नुसती उंची पुरत नाही. आधी पाय लांब होतात, छाती मागून भरते. मुलींची वाढ लवकर होते, मुलांची उशिरा. आठवीच्या वर्गात एकाच उंचीची दोन मुले उभी केली, तरी त्यांची फुप्फुसे सारखी असतीलच असे नाही.

आता तुलनेतले ते निरोगी मूल कुठले? २०१२ मध्ये ‘ग्लोबल लंग फंक्शन इनिशिएटिव्ह’ने २६ देशांतील ७४ हजारांवर निरोगी माणसांची मापे एकत्र करून ३ ते ९५ वर्षांसाठी सूत्रे दिली. त्यात भारतीय उपखंडाचा स्वतंत्र गट नाही. युरोपीय मुलांची पट्टी लावली तर आपली धडधाकट मुलेही कमी भरतात. म्हणून आपल्याकडची मापे लागतात. दक्षिण भारतातील ७ ते १९ वर्षांच्या मुलांची अशी मापे २००० साली प्रसिद्ध झाली आहेत.

पण ‘आपली पट्टी’ म्हटले की काम संपले, असे आम्हाला वाटत नाही. कर्नाटकातच झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शहरी मुलांची मापे ब्रिटनमधील भारतीय मुलांसारखीच आली, खेड्यातल्या मुलांची मात्र कमी. वंश तोच, मग फरक कशाचा? पोषण, राहणीमान, घरातला धूर, असे प्रश्न पुढे येतात. निपाणी भागात तर तंबाखूची वखार शेजारी, घरात विड्या वळणे आणि चुलीचा धूर, हे कित्येक पिढ्या चालत आले. अशा घरांतली मुले सरसकट ‘निरोगी’ धरून पट्टी काढली, तर पट्टीच आखूड होईल आणि झालेले नुकसान ‘नॉर्मल’ म्हणून खपून जाईल. म्हणून असा अभ्यास करताना दमा, क्षय, नुकतीच झालेली सर्दी आणि धूम्रपान यांबरोबर घरातल्या धुराची व तंबाखूच्या धुळीचीही नोंद झाली पाहिजे. एखादी पट्टी आपल्या मुलांना लागू पडते का, हे तपासायला निदान १५० मुलगे आणि १५० मुली लागतात, असे तज्ज्ञांनी २०११ मध्ये दाखवले आहे. सीमाभागातल्या चार-पाच हायस्कुलांत एवढी संख्या सहज भरेल.

राहिली ८० टक्क्यांची रेघ. ती सोयीची आहे, पण प्रत्येक वयाला सारखी लागू पडत नाही. हल्ली निरोगी मुलांपैकी सर्वांत कमी भरणारी ५ टक्के जिथे येतात, ती खालची मर्यादा धरतात. म्हणजे शंभर निरोगी मुलांतली पाच तिच्याखाली असणारच. एका रिपोर्टवरून आजार ठरत नाही तो यामुळे.

तपासणीला जाताना मुलाची उंची तिथेच, चप्पल-बूट काढून मोजायला सांगा, शाळेच्या ओळखपत्रावरची देऊ नका. निदान तीन वेळा नीट फुंकले गेले पाहिजे. सर्दी-खोकला असेल तर तारीख पुढे ढकलता येईल का, विचारा. कोणती पट्टी लावली, हेही विचारा, आणि जुना रिपोर्ट सोबत न्या. वाढत्या मुलाचे मागच्या वर्षीचे त्याचेच आकडे डॉक्टरांना फार उपयोगी पडतात.