दडलेला पू कसा सापडतो?

धाटाव-रोहे भागात गुरे रानात जातात. झाडीत शिरलेली गाय दिसत नाही. पण गळ्यात घंटा असली की आवाजावरून सापडते. अंगात दडलेला रोगही असाच शोधता येतो. कसा, ते आम्ही सांगतो.

मोडलेल्या हाडात कधी जंतू शिरतात. वरून जखम भरते, आत पू होतो. ताप हटत नाही. एक्स-रे फोटोत सुरुवातीला काही दिसत नाही. उशीर झाला तर हाड सडते.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. जंतू असतील तिकडे त्या धावतात. डॉक्टर थोडे रक्त काढून त्या पेशी वेगळ्या करतात. त्यांना टेक्नेशियम नावाचे, किरण सोडणारे द्रव्य लावतात. हीच त्यांची घंटा! मग पेशी पुन्हा शिरेतून आत सोडतात. त्या जिथे गोळा होतात, तिथून किरण जास्त येतात. खास कॅमेरा ते टिपतो.

किरणांची भीती वाटते ना? पण द्रव्य अगदी थोडे असते. त्याचा जोर दर ६ तासांनी निम्मा होतो. एका दिवसात सोळावा हिस्साच उरतो. तरी बाई गरोदर असेल, किंवा अंगावर पाजत असेल, तर तिने आधी सांगावे.

किरणद्रव्यांनी रोग तपासणारे अणुशक्ती खात्याचे केंद्र मुंबईत परळला १९६३ साली निघाले. ही तपासणी सगळ्यांना लागत नाही; ते डॉक्टर ठरवतील. पण भरलेली जखम पुन्हा ठणकू लागली, तर अंगारे-धुपारे करीत दिवस घालवू नयेत. आधी दवाखाना गाठावा.