चिंगीला आता घर सापडत नाही

मांजराला विसरायचा आजार झालाय असं सांगितलं की ऐकणारी बाई आधी हसते. आमच्या भिशीच्या मैत्रिणी हसल्या, दूधवाले मामा हसले. माझी जाऊ तर फोनवर म्हणाली, "बरंच आहे की! कालचं दूध चोरल्याचं विसरली असेल, आज पुन्हा नव्या उत्साहाने चोरील." मीही हसले. पण रात्री अडीच वाजता माजघराच्या मधोमध उभं राहून, वाट चुकलेल्या पोरासारखं कुणी गळा काढायला लागलं, की मग हसू येत नाही हो.

आमची चिंगी २००७ च्या श्रावणात माळ्यावरच्या जुन्या ट्रंकेमागे जन्मली. तिच्या आईने बाकीची दोन पिल्लं तोंडात धरून नेली, हिला मात्र ठेवून गेली. लेक तेव्हा दुसरीत होती, तिने कापसाच्या बोळ्याने दूध पाजून हिला जगवलं. पुढच्या वर्षी पुण्याला नेऊन आम्ही तिचं ऑपरेशन करून आणलं. मांजराच्या ऑपरेशनसाठी पुण्याला जाणारी माणसं म्हणून वाईत आम्हाला सगळ्यांनी वेड्यात काढलं! पण त्यामुळे बाईसाहेबांना ना बाळंतपणं, ना बोक्यांचा जाच. आता अठरा वर्षं पुरी झाली. माणसाच्या हिशेबात हे वय अठ्ठ्याऐंशीच्या आसपास जातं म्हणे. आमच्या सासूबाई ब्याऐंशीच्या. हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे मीच तिला आता अहो-जाहो करायला हवं."

मागच्या वर्षीच्या, म्हणजे २०२४ च्या पावसाळ्यात हे सुरू झालं. ही दार उघडायची वाट बघत बसायची, पण उघडायच्या बाजूला नाही, बिजागरीच्या बाजूला नाक लावून. दार उघडलं तरी तिथेच. कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत शिरायची आणि मागे यायचं कसं ते सुचायचं नाही म्हणून ओरडत राहायची. पोटभर खाऊन, मिशा पुसून, पाच मिनिटांत पुन्हा ताटलीपाशी येऊन माझ्याकडे बघायची, जणू या घरात तिला सकाळपासून कुणी विचारलंच नाही. दिवसा गाढ झोपायची, रात्री येरझाऱ्या घालायची. आणि जी अठरा वर्षांत कधी घरात घाण करायची नाही, तिने एके दिवशी देवघराच्या उंबऱ्याशीच ओलं केलं. आमच्या घरात ही किती मोठी गोष्ट, ते तुम्हाला सांगायला नको.

वय झालं, असं सगळ्यांनी सांगितलं. वय तर झालंच होतं. पण माणसाचं वय झालं म्हणून आपण डॉक्टरकडे जायचं थांबवतो का? गावातल्या दवाखान्यात गाई-म्हशींचा राबता. तिथल्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की मांजराचं रक्तदाब मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही, साताऱ्याला न्या. टोपलीत घालून, वर ओढणी बांधून, एसटीत मांडीवर घेऊन मी तिला साताऱ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पंजाला एवढासा पट्टा बांधून रक्तदाब घेतला, रक्त काढलं, दात पाहिले, गुडघे वाकवून पाहिले.

हे सगळं का करायचं, ते मला त्यांनी फार छान समजावून सांगितलं. म्हाताऱ्या मांजराचं रात्रीचं ओरडणं दर वेळी मेंदूमुळेच असतं असं नाही. थायरॉइड वाढलं तरी मांजर वाळतं, सतत खाखा करतं आणि ओरडतं. रक्तदाब वाढला तर एकाएकी दिसायचंच बंद होऊ शकतं, मग ते भिंतीला धडकत फिरतं. मूत्रपिंडं थकली किंवा मधुमेह झाला तर लघवी वाढते आणि ठरलेल्या जागेपर्यंत दम निघत नाही. गुडघे धरले असतील तर उंच काठाच्या ट्रेमध्ये चढवत नाही. यातल्या बऱ्याच गोष्टींवर औषध आहे. म्हणून आधी या एकेक बाजूला सारायच्या आणि मगच विसराळूपणाचं नाव घ्यायचं. तो दाखवणारी अशी रक्ताची वेगळी तपासणी नाही. चिंगीची मूत्रपिंडं थोडी थकलेली निघाली, गुडघे धरलेले होतेच, कानही गेलेले. थायरॉइड आणि रक्तदाब ठीक. मग डॉक्टर म्हणाले, "ताई, हा म्हातारपणचा स्मृतिभ्रंश आहे. माणसांना होतो तसाच."

तसाच म्हणजे अगदी तसाच, बरं का! लेक आता पुण्यात नोकरी करते, तिने वाचून मला फोनवर सांगितलं. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी वारलेल्या २५ मांजरांचे मेंदू तपासले आणि २०२५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. अल्झायमर झालेल्या माणसांच्या मेंदूत जे ॲमिलॉइड नावाचं प्रथिन साचतं, तेच या मांजरांच्याही मेंदूत, पेशी एकमेकींशी जिथे जोडलेल्या असतात तिथे साचलेलं सापडलं. आणि हा आजार दुर्मीळही नाही. पंधरा वर्षांपुढच्या निम्म्याअधिक मांजरांत याची काही ना काही लक्षणं दिसतात असं जाणकार सांगतात. आपल्याकडे दिसत नाहीत, कारण आपल्याकडे मांजरं पंधरा वर्षं जगतातच कुठे? रस्त्यावर जातात, कुत्र्यांच्या तावडीत सापडतात. जी जगतात त्यांना 'चळ लागला' म्हणून मोकळं होतो आपण. हा शब्द आपण माणसांनाही लावतो, ते असो.

बरं करणारं औषध नाही म्हटल्यावर मी घरी आले आणि घराकडेच बघायला लागले. म्हणजे तिच्या उंचीवरून. तिला डोळ्यांपेक्षा नाकाने घर कळतं. मांजर खांबाला, उंबऱ्याला, आपल्या पायाला गाल घासतं ना, ते स्वतःचा वास लावून ठेवणं असतं. म्हणून तिच्या दोन्ही गोधड्या मी एकाच दिवशी धुवायची नाही असं ठरवलं. एक धुतली की दुसरी तिच्या वासाची राहू द्यायची. सामान हलवायचं नाही. गणपतीत आमच्याकडे आरास करायला सगळं माजघर रिकामं होतं, तेव्हा पाच दिवस तिला मागच्या खोलीत तिच्या पसाऱ्यासकट ठेवली. वाळूचा उंच ट्रे काढून टाकला आणि जुन्या उथळ पराती ठेवल्या, एक मागच्या खोलीत, एक न्हाणीच्या दाराशी. पाण्याच्या वाट्या तीन ठिकाणी. माजघरात रात्रभर झिरोचा दिवा.

देवघरापाशी पुन्हा ओलं झालं नाही असं नाही. झालं. पण ओरडून किंवा नाक घासून मांजराला काही कळत नाही, या आजारात तर मुळीच नाही, ते फक्त घाबरतं. आणि काळं फिनाईल अजिबात वापरू नका. मांजर पाय चाटतं, आणि ते त्याला विषारी असतं. मी साबणाच्या कोमट पाण्याने पुसते आणि वर खायचा सोडा भुरभुरते. वास जातो.

खाण्याचा मात्र घोळ होता. आमचं घर शाकाहारी आणि मांजराचं काही दूध-पोळीवर खऱ्या अर्थाने भागत नाही. पूर्वी ती स्वतःची सोय स्वतः बघायची! आता उंदीर समोरून गेला तरी ती विचारात पडते. तेव्हा पलीकडच्या गल्लीतल्या वहिनी आठवड्यातून तीनदा थोडी कोंबडी उकडून डब्यात देतात. मीठ नाही, आणि कांदा-लसूण तर नाहीच, कारण ते मांजराच्या रक्ताला घातक. सासूबाई त्या डब्याला 'सोवळ्यातली कोंबडी' म्हणतात. बाकी वेळेला दुकानातलं तयार ओलं खाणं, कोमट करून, थोडं थोडं चार वेळा. शेवटचं रात्री अकराला. जेवली का नाही याच्यावर माझं बारीक लक्ष असतं. मांजर दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी राहिलं तर यकृतावर चरबी चढून जिवावर बेतू शकतं.

हे सगळं जमलं. जमत नव्हतं ते रात्रीचं ओरडणं.

आमचं घर वाड्यातलं, एक भिंत शेजारच्या काकूंची आणि आमची सामाईक. काकूंची मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली होती. बाळ बावीस दिवसांचं. एका सकाळी काकू आल्या, चहा घेतला नाही, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, मांजराचं रडणं ते. घरात ओली बाळंतीण आहे. माझ्या जिवाला बरं वाटत नाही. पुलापलीकडे सोडून ये की एकदा. मारायला थोडीच सांगतेय?"

मैत्रिणींनो, हे 'सोडून येणं' तुम्हालाही माहीत आहे. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं, म्हणून आपण मारत नाही. पोत्यात घालतो, रिक्षात ठेवतो, मंडईच्या मागे नाहीतर नदीपलीकडे तोंड सोडतो आणि हात झटकतो. पाप नाही, ताप नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जनावर उपाशी-तहानलेलं तडफडेल अशा स्थितीत विनाकारण टाकून देणं हा गुन्हा आहे, पण ते कुणाच्या डोक्यातही येत नाही. धडधाकट मांजर एकवेळ चार दिवसांनी माग काढत परत येईल. पण जिला माजघरातून पडवीत यायची वाट सापडत नाही, ती कृष्णेचा पूल ओलांडून कशी येणार?

काकूंना मी वाईट म्हणत नाही. त्यांच्या घरात बाळ होतं, रात्रीची झोप मोडत होती, आणि अशुभाची भीती अशा वेळी शिकलेल्या बाईलाही वाटते. आमच्या घरातही सगळे माझ्या बाजूने होते असं नाही. यांना सकाळी सहाची शिफ्ट. एका पहाटे मी उठले तर पडवीत एक रिकामं पोतं घडी करून ठेवलेलं दिसलं. मी ते उचललं आणि कोठीत परत ठेवलं. यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्या दिवशी दोघांनी एकमेकांशी फारसं बोलणंच केलं नाही.

कुणी सांगितलं, पॅरासिटामॉलची अर्धी गोळी चुरून दे, गप झोपेल. हे मुद्दाम लिहिते, कारण असा सल्ला तुम्हालाही कुणी देईल. मांजराचं शरीर ते औषध पचवूच शकत नाही. एका गोळीनेही मांजर मरू शकतं. माणसांची झोपेची गोळीही आपल्या मनाने द्यायची नाही. मी साताऱ्याला फोन केला, त्यांनी गुडघ्यांच्या दुखण्यावर मांजराला चालणारं औषध दिलं. त्याने थोडा फरक पडला. दुखणं असलं की अंधारात भीती जास्त वाटते, हे आपल्यालाही कळतंच की.

पण खरा फरक पडला तो सासूबाईंमुळे. देवघराच्या प्रकारावरून सगळ्यात जास्त चिडल्या होत्या त्याच. एका रात्री मी उठायच्या आत त्या उठल्या. चिंगी माजघरात उभी राहून ओरडत होती. कान गेलेले, हाका मारून उपयोग नव्हता. सासूबाईंनी आपली काठी लाकडी पाटावर टक-टक आपटली. तो हादरा फरशीतून तिच्या पायांना कळला असावा. ती वळली, दिव्याच्या उजेडात आईंना पाहिलं आणि पाय ओढत त्यांच्याकडे आली. "नाहीतरी मला दोननंतर झोप कुठे येते," आई म्हणाल्या, "तू झोप जा." दुसऱ्या दिवशी तिची गोधडी सामाईक भिंतीपासून हलवून आईंच्या खोलीत, त्यांच्या खाटेखाली गेली. तेवढाच बदल आम्ही केला, आणि तोही आठवडाभर रोज थोडा थोडा. आता ओरडली तरी दोन-चार मिनिटांत टक-टक ऐकू येते आणि घर पुन्हा शांत होतं. आईंना मी एकदा विचारलं, तुम्हाला हे सुचलं कसं? तर म्हणाल्या, "माझी आई शेवटी अशीच उठायची रात्री. 'घरी जायचंय' म्हणायची, घरातच बसून. तिला कुणी रागावलं की जास्त करायची. जवळ बसलं की निजायची." चाळीस वर्षं मी या घरात त्यांच्या माहेरच्या गोष्टी ऐकतेय, पण ही कधी ऐकली नव्हती.

काकूंची लेक सव्वा महिन्याने सासरी गेली. बाळ गुटगुटीत आहे. काकू अजून जरा घुश्शातच आहेत, पण हळदीकुंकवाला आल्या.

मोठ्या शहरात मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली झालेत. आपल्यासारख्यांना लांब जावं लागतं. परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि आमच्या जवळ शिरवळ इथे पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, तिथे जनावरांना तपासायचे दवाखानेही असतात. जवळ कुणी सापडलं नाही तर तिथे चौकशी करावी.

मागच्या खेपेला साताऱ्याच्या डॉक्टरांना मी विचारलंच, हे किती दिवस? आणि ती सुखात नाही हे मला कळेल कसं? इंजेक्शन देऊन शांतपणे निरोप देण्याची वेळ येऊ शकते, हे त्यांनी लपवलं नाही. म्हणाले, "आज ठरवू नका. रोज संध्याकाळी लिहून ठेवा. जेवली का, अंग चाटलं का, कुणाजवळ जाऊन बसली का. चांगला दिवस की वाईट, एवढंच. वाईट दिवस जास्त व्हायला लागले की मला फोन करा."

स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मी निळ्या पेनाने लिहिते. त्याच चौकोनात आता लाल पेनाने चिंगीचं लिहिते, चांगल्या दिवसाला टिंब, वाईटाला फुली. आई रोज रात्री चष्मा लावून ते बघून येतात, कधी माझ्याशी वाद घालतात, "आज फुली कशाला? दुपारी माझ्या पायावर येऊन बसली होती," आणि मग मी खोडून टिंब करते. गेल्या महिन्यात वीस टिंबं होती, दहा फुल्या. या महिन्यात आजपर्यंत बारा टिंबं आणि सात फुल्या झाल्यात.