हरवलेल्या गावाच्या शिळा

‘खाच’ म्हटले की मराठी माणसाला छिन्नीने पाडलेली खोबण आठवते. आर्मेनियन भाषेत मात्र ‘खाच’ म्हणजे क्रूस आणि ‘कार’ म्हणजे दगड. उभ्या शिळेवर कोरलेल्या या स्मारकास ‘खाचकार’ म्हणतात. मध्यभागी क्रूस, त्याखाली सूर्यचक्रासारखे वर्तुळ आणि भोवती द्राक्षवेली व डाळिंबे अशी त्याची मांडणी असते. दिवंगताच्या आत्म्यास सद्गती लाभावी, चर्चच्या उभारणीची वा विजयाची स्मृती टिकावी, यासाठी नवव्या शतकापासून खाचकार घडत आले. २०१० साली युनेस्कोने ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशात समाविष्ट केली.

अरास नदीकाठचे जुल्फा हे गाव अशा शिळांसाठी विख्यात होते. तेथील आर्मेनियन व्यापारी रेशमाच्या व्यवहारात निष्णात. १६०४-०५ मध्ये इराणच्या शाह अब्बासने गाव रिकामे करवून रहिवाशांना इस्फहानला नेले. तेथे त्यांनी नवे जुल्फा वसविले. त्यांचा व्यापार पश्चिमेस व्हेनिसपर्यंत, तर पूर्वेस सुरत, आग्रा, मद्रास व कलकत्त्यापर्यंत विस्तारला. मुंबईच्या फोर्ट भागात १७९६ साली स्थापन झालेले सेंट पीटर चर्च ही भारतातील आर्मेनियन वस्तीचीच एक खूण होय.

व्यापारी नव्या गावी रुजले. पूर्वजांच्या शिळा मात्र जुन्या जुल्फातच राहिल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीसही तेथे काही हजार खाचकार होते. आज अझरबैजानच्या नाखिचेवान प्रांतात मोडणारे ते दफनस्थान १९९८ पासून उद्ध्वस्त होऊ लागले. डिसेंबर २००५ मध्ये सैनिक घणाने शिळा फोडत असल्याचे चित्रण पलीकडच्या इराणी तीरावरून झाले. अझरबैजानने हा आरोप नाकारला. आज तेथे एकही खाचकार उरलेला नाही.

परदेशी विखुरलेल्या आर्मेनियनांनी १९१५ च्या नरसंहारातील बळींच्या स्मरणार्थही खाचकार उभारले. वेल्समधील कार्डिफ येथे २००७ साली बसविलेल्या स्मारकावरील क्रूस पुढच्याच जानेवारीत कोणी हातोड्याने फोडला. अमेरिकेतील डेन्व्हर येथे कोलोरॅडो राज्याच्या विधानभवनाच्या आवारात २०१५ साली खाचकार उभा राहिला.

एका खाचकाराची नक्षी दुसऱ्यावर जशीच्या तशी येत नाही, अशी या कलेची रीत आहे. डेन्व्हरची शिळा मात्र हेतुपुरस्सर जुल्फाच्या नमुन्यावर घडविली गेली. जुल्फाच्या शिळा शाबूत असत्या, तर रीत मोडण्याची वेळ कारागिरावर आलीच नसती.