तलावाचे मुद्दल आणि व्याज

भंडाऱ्याजवळच्या शहापूरहून लाखनी-साकोलीकडे निघालात, की धानाच्या बांध्यांमधून एकामागून एक तलाव दिसू लागतात. यांतील अनेक तलाव कोहळी समाजाने बांधले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि ते ‘माजी मालगुजारी’, म्हणजेच ‘मामा तलाव’ झाले. धिवर समाजाची उपजीविका त्यांतील माशांवर चालते. मग दरवर्षी किती मासे काढावेत?

समजा, एका तलावात जास्तीत जास्त १,००० किलो मासे पोसले जातात. तलाव माशांनी भरलेला असला, तर अन्न व जागा अपुरी पडून वाढ थांबते. मासे फार थोडे असले, तर अंडी घालणारेच कमी. म्हणून सर्वांत जास्त वाढ या दोहोंच्या मध्ये होते. उदाहरणादाखल असे सूत्र घेऊ:

वार्षिक वाढ = ०.८ × साठा × (१ − साठा ÷ १,०००)

साठा २०० किलो असता वाढ १२८ किलो येते. ५०० असता २०० किलो. आणि ८०० असता पुन्हा १२८ किलोच! अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ शेफर यांनी १९५४ मध्ये अशाच विचारावर मासेमारीचे गणित बसविले. साठा हे मुद्दल, वाढ हे व्याज. येथे व्याज २०० किलोंहून अधिक कधीच मिळत नाही.

आता तलावात गाळ साचला, बेशरमची झुडपे माजली, पाणवनस्पती नाहीशा झाल्या असे धरा. मरळीसारखा मासा तर पाणवनस्पतींतच घरटे करतो. समजा, तलावाची क्षमता ५०० किलोंवर आली. सूत्रात १,००० ऐवजी ५०० घाला; कमाल वाढ १०० किलो येते. पण पकड पूर्वीचीच, २०० किलो. मग पहिल्या वर्षअखेर ५०० चे ३०० किलो उरतात, दुसऱ्या वर्षअखेर १९६, तिसऱ्या वर्षअखेर ९१. चौथ्या वर्षी काढायला २०० किलो मासे तलावात नसतातच! धिवरांनी एकही मासा जास्त धरलेला नाही. मुद्दल घटले ते तलाव बिघडल्यामुळे.

म्हणून केवळ जाळ्यावर बंधन घालून भागत नाही. तलावही राखावा लागतो. १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच असलेल्या अर्जुनी मोरगाव भागात ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा’ने धिवरांसह हेच केले. बेशरम उपटली, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला आणि स्थानिक पाणवनस्पती लावल्या.

विद्यार्थिमित्रहो, आता एक उदाहरण तुम्ही सोडवा. ५०० किलो क्षमतेच्या, माशांनी भरलेल्या तलावातून दरवर्षी ८० किलोच मासे काढले, तर साठा कोठे स्थिरावेल? (उत्तर: सुमारे ३६२ किलो.)