अतिथी आणि उंबरठा

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो 'अतिथी', अशी या शब्दाची परंपरागत फोड केली जाते. प्राचीन ग्रीक भाषेत 'झेनोस' हा एकच शब्द परका आणि पाहुणा या दोन्ही अर्थी वापरीत. लॅटिनमधील पाहुण्याचा वाचक 'होस्पेस' आणि पुढे शत्रूचा वाचक झालेला 'होस्टिस' हे शब्दही सगोत्रच मानले जातात. दारात उभा असलेला अनोळखी मनुष्य मित्र की वैरी, या प्रश्नाचा निकाल उंबरठ्यावर लागत असे. आतिथ्याचे सारे विधी या प्रश्नातूनच जन्मास आले, असे म्हणावयास हरकत नाही.

पहिली गरज अभयाची. अरबस्तानच्या वाळवंटात ज्याला तंबूत आसरा मिळाला नाही, त्याच्या जिवाचीच शाश्वती नसे. म्हणून आलेल्यास तीन दिवस आश्रय द्यावा, असा बदाऊनी लोकांचा संकेत आहे. पठाणांच्या 'मेलमस्तिया'त तर आश्रयास आलेल्याचे रक्षण हा यजमानाच्या अब्रूचा प्रश्न ठरतो. आपल्याकडे उन्हातून आलेल्यास पाय धुण्यास पाणी आणि नंतर गूळ-पाणी देत, तेही याच भावनेने. आसामात तामूल-पान पुढे करतात आणि मान्यवराच्या गळ्यात गामोसा घालतात. लडाखात शुभ्र खतक अर्पण करतात. वस्तू निराळ्या, पण आशय एकच: येथे तुम्हांस भय नाही.

दुसरा प्रश्न मर्यादेचा. पाहुण्याने 'पुरे' कसे म्हणावे आणि यजमानाने आग्रह कोठे थांबवावा? याकरिता मानवाने एक मूक भाषा निर्माण केली आहे. अरब यजमान लहानशा पेल्यात थोडीच कॉफी ओततो. पेला काठोकाठ भरणे हे अनादराचे लक्षण समजतात. पाहुण्याने रिकामा पेला किंचित हलविला की तो तृप्त झाला, असे समजावे. लडाखात खारट लोणी-चहाचा पेला घोटागणिक पुन्हा भरला जातो. म्हणून पुरेसा झाला की पेला तसाच भरलेला राहू द्यावयाचा. इथिओपियात कॉफी पाहुण्यासमोर भाजून, कुटून, उकळून तीन वेळा देतात. तिसऱ्या फेरीचे नाव 'बरका', म्हणजे आशीर्वाद. तत्पूर्वी उठणे शिष्टसंमत नव्हे.

तिसरा प्रश्न निरोपाचा. मराठी माणूस निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. तमिळ माणूस 'पोय्टु वरेन', म्हणजे 'जाऊन येतो' म्हणतो, तर बंगाली माणूस 'आशि' म्हणतो, त्याचाही अर्थ 'येतो' असाच. ज्यांच्या लिपी भिन्न, भाषांची कुळेही एक नव्हेत, त्यांनी निरोपाच्या क्षणी एकच क्रियापद निवडावे, ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे.

तथापि या चित्राची दुसरी बाजू लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. तैत्तिरीय उपनिषद अतिथीस देव मानावयास सांगते. परंतु आपल्या देशातील असंख्य घरांत एका मनुष्यास माजघरात पाट मिळे, दुसऱ्यास ओसरी मिळे, आणि तिसऱ्यास अंगणातच वरून ओंजळीत पाणी ओतीत. 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या 17 व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पण कायदा सार्वजनिक विहिरीपर्यंत जितक्या सहजतेने पोहोचतो, तितक्या सहजतेने तो स्वयंपाकघरातील फळीपर्यंत पोहोचत नाही. घरकामास येणाऱ्या बाईंसाठी निराळी ठेवलेली कपबशी आजही कित्येक घरांत दिसते. तिच्यातील चहा तोच असतो, साखरही तितकीच असते. परंतु ती कपबशी जे सांगते, ते गूळ-पाण्याच्या नेमके उलट असते.

शहरांतून आता पाहुणा दूरध्वनी करून, वेळ ठरवून येतो. अतिथीस तिथी लाभली, याचा खेद करण्याचे कारण नाही. रूढी काळाप्रमाणे बदलतात. पण आतिथ्याची कसोटी बदलत नाही. आपण काय वाढले, यापेक्षा कोणास कोठवर आत येऊ दिले आणि कोणत्या भांड्यातून दिले, यावरूनच घराची संस्कृती ओळखली जाते. ती निराळी कपबशी फळीवरून काढून इतर कपबश्यांत मिसळणे, एवढे तर प्रत्येक घराला करता येण्याजोगे आहे.